कुरळ्या केसांसाठी घरचा हेअर मास्क: केळ्याचे कण अडकतात, जवसाचं जेल गाळलं जात नाही

तापीकाठ (यावल)

नमस्कार मंडळी. केस खांद्याच्या खाली चार बोटं, दाट, घट्ट कुरळे. टाळू तेलकट, टोकं कोरडी. अंघोळीला बोअरचं पाणी. सध्या केळं, दही, मध आणि खोबरेल तेल मिक्सरमध्ये फिरवून तो लेप अर्धा तास ठेवते. अडचण अशी की केळ्याचे बारीक कण केसांत अडकतात आणि सुकल्यावर कोंड्यासारखे दिसतात. ते काढताना केस तुटतात. शिवाय धुतल्या दिवशी केस मऊ लागतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा राठ. जवसाचं जेल करायला घेतलं तर ते इतकं घट्ट होतं की चहाच्या गाळणीतून थेंब उतरत नाही.

घरात, शेतात, किराणा दुकानात जे मिळतं त्यातूनच करायचं आहे. अंडं शक्यतो नको, वास जात नाही. प्रमाण आणि कृती कोणी नीट सांगेल का?

केळीपट्टा (रावेर)

ताई, केळं न शिजवता मिक्सरला लावलं की हे होणारच. मिक्सर कितीही वेळ फिरवला तरी केळ्याचा तंतू पूर्ण तुटत नाही. सरळ केसांवरून तो पाण्याबरोबर घसरून जातो, कुरळ्या केसांच्या प्रत्येक वळणात अडकतो. उपाय दोनच, शिजवणं आणि कापडातून गाळणं. यातलं एकही टाळू नका.

आधी केळं निवडा. सालीवर काळे ठिपके भरपूर आलेले आणि बोटाने दाबलं तर आत जाणारं केळं घ्या. अशा केळ्यात स्टार्चची बहुतेक साखर झालेली असते. बाजारातलं पिवळंधमक पण आतून टणक केळं असेल तर दोन-तीन दिवस घरात राहू द्या. वेफरची हिरवी केळी तर अजिबात नको. त्यातला स्टार्च शिजला की खळीसारखा होतो आणि केस ताठ पडतात.

एक मोठं केळं सोलून चकत्या करा, पाऊण कप पाणी घाला आणि मंद आचेवर ८ ते १० मिनिटं शिजवा. चकत्या चमच्याने दाबल्या की मोडल्या पाहिजेत. थंड झाल्यावर मिक्सरला लावा आणि मलमलच्या किंवा जुन्या सुती ओढणीच्या कापडातून पिळून घ्या. गाळणी वापरू नका, तिच्या जाळीतून कण जातातच. पातळ कढीसारखा द्रव उतरला पाहिजे. शिजवण्याचा आणखी एक फायदा म्हणजे केळं काळं पडत नाही, कारण ते काळं करणारं एन्झाइम उष्णतेने निकामी होतं.

आणि आता केसांत कण अडकलेले असतील तर कोरडे केस विंचरू नका. केस ओले करा, भरपूर कंडिशनर लावा, पाच मिनिटं थांबा आणि बोटांनी टोकाकडून वर मोकळे करत पाण्याच्या धारेखाली सोडवा.

केळ्यातलं पोटॅशियम केसांत शिरतं असं बऱ्याच ठिकाणी लिहितात, त्यावर विसंबू नका. केळ्याचं काम साधं आहे. त्यातली साखर पाणी धरून ठेवते आणि पेक्टिनमुळे केसाला बुळबुळीतपणा येतो, त्यामुळे गुंता सुटतो. एवढं मिळालं तरी पुष्कळ झालं.

क्षारपाणी (धुळे)

केळ्याचं वर बरोबर सांगितलं आहे. पण "दुसऱ्या दिवशी राठ" याचं कारण मला मास्कमध्ये दिसत नाही, पाण्यात दिसतं. आपल्याकडच्या बहुतेक बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते केसावर बसतात. त्या थरावर मास्क लावला तर तो थराला लागतो, केसाला नाही. वरून गुळगुळीत वाटतं आणि सुकलं की खालचा खरखरीतपणा वर येतो.

पाणी जड आहे का हे घरी बघता येतं. बाटली निम्मी पाण्याने भरा, कपड्याच्या साध्या साबणाचा किस पाव चमचा टाका आणि जोरात हलवा. फेस कमी आणि पाणी दुधाळ, वर साय आल्यासारखी, म्हणजे पाणी जड. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसत असेल तर ही तपासणीही नको. तुरटी फिरवून उपयोग नाही, तिने गाळ खाली बसतो, क्षार जात नाहीत. उकळल्याने काही क्षार तळाला बसतात, सगळे नाही.

करायचं काय? किराणा दुकानात लिंबूसत्त्व मिळतं, म्हणजे सायट्रिक ॲसिड. एक लिटर पाण्यात पाव छोटा चमचा, सपाट. याहून जास्त नाही. शाम्पू धुऊन झाला की हे पाणी केसांच्या लांबीवर हळूहळू ओता, मुठीत दाबा, दोन मिनिटं थांबा, धुवा. मग मास्क लावा. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. डोळे मिटून ठेवा, आणि टाळूवर खरचटलेलं असेल तर ते भरेपर्यंत हे करू नका.

दुसरी गोष्ट शेवटच्या पाण्याची. सगळं केस धुणं बोअरच्या पाण्यावर झालं तरी चालेल, पण शेवटचे दोन तांबे आरओचे किंवा पावसाचे असू द्या. पावसाळ्यात पत्र्यावरून येणारं पहिलं धुळीचं पाणी सोडून द्या आणि पुढचं साठवा, त्याच्याइतकं मऊ पाणी दुसरं नाही. मात्र आरओच्या बाजूच्या नळीतून निघणारं वाया जाणारं पाणी केसांना वापरू नका. काटकसर म्हणून ते पुष्कळ घरांत बादलीत धरतात, पण त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. फरशी पुसायला ठीक.

तापीकाठ (यावल)

गीझरच्या कॉइलवर जाड थर आहे, म्हणजे पाणी जडच. दादा, लिंबूसत्त्वाऐवजी सरळ लिंबू पिळलं तर? लिंबं बागेतली आहेत.

क्षारपाणी (धुळे)

एक लिटरला एका मध्यम लिंबाचा रस, कापडातून गाळून, चालेल. पण उन्हाळ्यात टाळा. लिंबाचा रस कपाळावर, कानामागे, मानेवर राहिला आणि त्यावर ऊन पडलं तर कातडी भाजल्यासारखी होते, डाग महिना-महिना जात नाहीत. लिंबूसत्त्वाने हा धोका नाही. आणि खायचा सोडा कुठल्याही मास्कमध्ये घालू नका. तो अल्कधर्मी आहे, केसावरचे खवले उघडे पाडतो, आणि कुरळ्या केसांचे खवले वळणांवर आधीच उचललेले असतात.

जवस_तीळ (अमळनेर)

जवसाचं मी सांगते, कारण कुरळ्या केसांना आपल्याकडच्या सगळ्या जिनसांत याचाच सर्वांत जास्त उपयोग आहे, केळ्यापेक्षाही. जवसाच्या सालीत चिकट द्रव असतो. तो गरम पाण्यात सुटतो आणि केसावर पातळ पडदा धरतो. वळण त्यानेच एकत्र राहतं.

प्रमाण: अख्खे जवस ४ मोठे चमचे, म्हणजे साधारण ४० ग्रॅम, आणि पाणी २ कप, म्हणजे ५०० मिली. जवस कच्चे हवेत. चटणीसाठी भाजून ठेवलेले घेतले तर चीक फार कमी सुटतो. दळलेले तर नकोतच, ते गाळताच येत नाहीत. पाणी पिण्याचं घ्या, बोअरचं नको.

जाड बुडाच्या पातेल्यात दोन्ही एकत्र ठेवून मध्यम आचेवर चढवा आणि लाकडी चमच्याने ढवळत राहा, नाहीतर बिया तळाला लागतात. उकळी आल्यावर आच मंद करा. सहा-सात मिनिटांत वर पांढरा फेस येतो. आता चमचा उचलून बघा. थेंब थेंब पडत असेल तर अजून वेळ आहे. चमच्यावरून सलग तार सुटली, अंड्याच्या पांढऱ्यासारखी, की त्याच क्षणी बंद. तुमची चूक इथेच होते आहे ताई, हवं तेवढं घट्ट होईपर्यंत तुम्ही गॅसवर ठेवता. जेल थंड होताना दुप्पट घट्ट होतं. गॅसवर पातळ वाटलं पाहिजे.

आणि गाळायचं गरम असतानाच. गार झालं की कशातूनच उतरत नाही. चहाची गाळणी विसरा. पायात घालायचा पातळ नायलॉनचा मोजा, नवा, धुतलेला, हे यासाठी सगळ्यांत सोयीचं. मोजा पेल्यावर ताणून बसवा, मिश्रण ओता, मोजा उचला आणि चिमट्याने वरून खाली दाबत न्या. हाताने पिळाल तर भाजेल. सव्वा ते दीड कप जेल निघतं.

चुकून घट्ट झालंच तर फेकू नका. बियांसकट अर्धा कप उकळतं पाणी घाला, दोन मिनिटं ढवळा आणि लगेच गाळा.

आता मास्क. गाळलेलं केळं अर्धा कप, जवसाचं जेल अर्धा कप, मध १ छोटा चमचा, खोबरेल तेल १ छोटा चमचा. तुमच्या लांबीला एवढं पुरतं. दही घालायचंच असेल तर २ मोठे चमचे, कापडात बांधून पाणी निथळलेलं. पण फ्रिजमधून काढलेलं दही आणि खोबरेल एकत्र करू नका. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, गार दह्यात त्याचे कण होतात आणि ते केसांत बसतात. डिसेंबर-जानेवारीत तर सगळ्याच वस्तू खोलीच्या तापमानाला आणून, वाटी कोमट पाण्यात ठेवून मिसळा. तुम्हाला दिसणाऱ्या पांढऱ्या कणांतले काही केळ्याचे नसून तेलाचेही असू शकतात.

केळीपट्टा (रावेर)

तेलाच्या या मुद्द्याला दुजोरा. बोटांत चोळून बघा. विरघळून तेलकट लागला तर खोबरेल, चुरगळला तर केळं.

बांधावरची_कोरफड (साक्री)

कोरफड कोणी काढली नाही म्हणून लिहितो. वरच्या मास्कमध्ये मधाऐवजी ताज्या कोरफडीचा गर २ मोठे चमचे घाला, उन्हाळ्यात तो जास्त बरा. पान बुडापासून कापा आणि कापलेली बाजू खाली करून पेल्यात १५ ते २० मिनिटं उभं ठेवा. पिवळा चीक निथळून जातो. तो राहिला तर टाळू आणि मान खाजते. मग काटे आणि साल काढून गर धुवा, मिक्सरला लावा आणि कापडातून गाळा.

एक इशारा, आणि हा मनापासून. बांधावर, रेल्वेच्या कडेला जे मोठं काटेरी झुडूप असतं ते बहुतेक वेळा घायपात असतं, कोरफड नसते. दोन्ही दुरून सारखे दिसतात. घायपाताच्या रसाने कातडीवर आग होते, फोड येतात. ओळख सोपी आहे. कोरफडीचं पान मोडलं तर काडकन मोडतं आणि आत काचेसारखा गर असतो. घायपाताचं पान मोडत नाही, त्यातून दोऱ्यासारखे धागे निघतात, आणि टोकाला काळपट, कडक, सुईसारखा काटा असतो. शंका असेल तर लावू नका, कुंडीतली घ्या.

जवस नसतील त्या दिवशी भेंडी चालते. जून, भाजीला न चालणाऱ्या ८-१० भेंड्या चिरा, दीड कप पाण्यात १२ मिनिटं उकळा आणि गरम असतानाच गाळा. चीक जवसापेक्षा पातळ असतो, पण गुंता सोडवायला उत्तम. जास्वंदीची पानंही तशीच. मूठभर पानं धुऊन पाण्यात हातानेच कुस्करा आणि गाळा, शिजवायची गरज नाही.

मेथीदाणा (जळगाव)

मेथीही चांगली आहे. २ मोठे चमचे रात्रभर १ कप पाण्यात भिजवा, सकाळी फक्त ते पाणी गाळून घ्या. वाटलेली मेथी कुरळ्या केसांत घालू नका, तिचा रवा तीन धुण्यांतही निघत नाही. वास मात्र राहतो हे मान्य. आणि शेंगदाणा किंवा हरभरा सोसत नसेल अशांनी मेथीपासून लांबच राहावं, ही सगळी एकाच कुळातली. कुठलीही नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा.

माझा एक प्रश्न. हा मास्क रात्रभर ठेवला तर जास्त मुरेल ना?

कातरीवाली (भुसावळ)

नाही ताई, रात्रभर अजिबात नको. २० ते ३० मिनिटांत जे व्हायचं ते होतं. त्यानंतर केस नुसता पाणी पीत राहतो आणि फुगतो. असं वारंवार झालं की ओला केस रबरासारखा ताणला जातो आणि परत जागेवर येत नाही. वर टाळूवर साखर आणि ओल रात्रभर, म्हणजे खाज आणि बुरशीला आमंत्रण. रात्रभर काही ठेवायचंच असेल तर नुसतं खोबरेल, धुण्याच्या आदल्या रात्री, तेही केसांच्या लांबीवर, टाळूवर थापून नाही. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातली प्रथिनं कमी निघून जातात. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची तुलना करणाऱ्या अभ्यासात हे फक्त खोबरेलाने साधलं होतं.

लावण्याच्या पद्धतीवर कोणी बोललं नाही, आणि अर्धं यश तिथेच आहे. मास्क कोरड्या केसांवर लावू नका. शाम्पू करा, पाणी हाताने दाबून काढा, टॉवेलने घासू नका. केसांचे सहा भाग करून चाप लावा. एकेक भाग सोडून कानाच्या रेषेपासून खाली मास्क लावा. तुमची टाळू तेलकट आहे, तिथे थेंबही नको. बोटांनी आधी टोकं सोडवा, मग मधला भाग, मग वर. पूर्ण निसरडं झाल्यावरच रुंद दातांचा कंगवा. कुरळे केस विंचरायची वेळ हीच, एरवी कंगवा हातात घेऊ नका.

नंतर केस वर बांधून प्लास्टिकची टोपी किंवा स्वच्छ पिशवी, त्यावर गरम पाण्यात बुडवून पिळलेला टॉवेल. भुसावळच्या मे महिन्यात टॉवेल नाही गुंडाळला तरी चालेल.

धुताना कोमट नाही, साधं पाणी. दह्याची प्रथिनं गरम पाण्याने केसाला चिकटून बसतात. खाली वाकून, तांब्याने, निदान चार मिनिटं. मग थोडं कंडिशनर, धुणं, शेवटी आरओचे दोन तांबे. ओल्या, पाणी गळणाऱ्या केसांवर जवसाचं जेल दोन मोठे चमचे, खालून वर मुठीत दाबत. जुन्या सुती टीशर्टमध्ये केस गुंडाळून पंधरा मिनिटं, मग सावलीत वाळू द्या. पंख्याखाली हात लावू नका. वाळल्यावर कडक वाटतील, तेव्हा मुठीत चुरून कडकपणा मोडा.

दर आठवड्याला मास्क नको, दहा-पंधरा दिवसांनी एकदा. ओला केस ताणल्यावर लगेच तटकन तुटत असेल तर ओलावा कमी आहे, मास्क हवा. फार ताणला जाऊन लिबलिबीत राहिला तर मास्क महिनाभर बंद. अंडं, भाताचं पाणी यांच्या मागे तर लागूच नका. त्यातली प्रथिनं आणि स्टार्च केसात शिरण्याइतके बारीक नसतात, वरच बसतात, आणि तुमच्यासारख्या आधीच राठ केसांना आणखी ताठ करतात.

जवस_तीळ (अमळनेर)

ऋतूचं राहिलं. ग्लिसरीन आणि मध हवेतलं पाणी ओढतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे हवेत पाणीच नसतं, तेव्हा ते केसातलंच ओढतात आणि केस फुगून राठ होतात. म्हणून उन्हाळ्यात मध बंद, कोरफड चालू, तेल दीड चमचा. मृगाचा पाऊस पडला की तेलाचं उलट करा. तेल अर्धा चमचा, मध तेव्हाही नको, जेल थोडं जास्त. दिवाळी ते होळी वर दिलेलं प्रमाण तसंच ठेवा.

तापीकाठ (यावल)

सगळ्यांचे आभार. आता क्रम लिहून घेते: शाम्पू, लिंबूसत्त्वाचं पाणी, मास्क, साधं पाणी, कंडिशनर, आरओचे दोन तांबे, जेल. बरोबर? आणि जेल किती दिवस टिकतं? प्रत्येक वेळी इतका खटाटोप जमायचा नाही.

जवस_तीळ (अमळनेर)

क्रम बरोबर.

केळं मिसळलेला मास्क त्याच दिवशी संपवा, उरला तर टाका. केळं-मध-दही म्हणजे जिवाणूंना आयतं खाद्य. नुसतं जवसाचं जेल काचेच्या उकळलेल्या बरणीत, फ्रिजमध्ये एक आठवडा. बोट बुडवू नका, कोरडा चमचा घाला. पाण्यासारखं पातळ झालं, आंबूस किंवा मासळीसारखा वास आला, की संपलं. कोरफडीचा गर तीन दिवस.

खटाटोप कमी करायचा तर जेल एकदाच दुप्पट करा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. गोठलं की खडे पिशवीत भरून फ्रीजरमध्ये, दोन महिने चालतात. एका मास्कला ६-७ खडे लागतात, वर लावायला दोन. आदल्या रात्री फ्रीजरमधून काढून खाली फ्रिजमध्ये ठेवा. सुटल्यावर थोडं पाणी वेगळं दिसेल, ते ओतून देऊ नका, चमच्याने ढवळून घ्या. गॅसवर वितळवू नका, पुन्हा घट्ट होतं.

केळीपट्टा (रावेर)

शिजवून गाळलेलं केळंही तसंच गोठवता येतं, फक्त मध-दही न घालता. ट्रे वेगळा ठेवा, आणि घरातल्यांना सांगून ठेवा की हे खडे सरबतात टाकायचे नाहीत.